खाणीवरचे डॉक्टर

कर्जत-जामखेडकडच्या ज्या घरांनी १९७२ चा दुष्काळ काढला, त्यांना खडी फोडणे म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. आमची अम्मी त्या साली दुष्काळी कामावर होती. ढिगाचे माप झाले की मजुरी, आणि माप मुकादमाच्या मर्जीवर. दगडाची कपची उडून तिच्या डोळ्याखाली पडलेली खूण शेवटपर्यंत तशीच होती. म्हणून डॉ. दत्ता सामंत यांचे नाव निघाले की मला गिरणी संप नंतर आठवतो, आधी घाटकोपरच्या दगडखाणी.

सामंत मालवणजवळच्या देवबागचे, जन्म १९३२ चा. मुंबईत डॉक्टरकी शिकून त्यांनी घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना घातला. आसपासच्या दगडखाणींतले मजूर तिथे यायचे. औषध दिले तरी उपाशी पोटाला ते लागू कसे पडणार? मजुरी वाढल्याखेरीज हा आजार हटायचा नाही, हे ओळखून त्यांनी खाणमजुरांची युनियन बांधली. पुढे कारखान्यांतले कामगार आपणहून त्यांच्याकडे येऊ लागले. काँग्रेसमध्ये असूनही आणीबाणीत त्यांना तुरुंगात जावे लागले.

त्यांची रीत सरळ होती. कंपनीचा ताळेबंद ते बघत नसत. कामगाराचे घर चालायला किती लागते, तेवढे मागत. यामुळे मालक घाबरत, जुने पुढारी चिडत. त्यांच्या आंदोलनांत मारामाऱ्याही झाल्या, हे लपवण्यात अर्थ नाही.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यात मदनपुऱ्याचे मोमीन विणकरही होते. पगारवाढ हवी होतीच, पण खरी अडचण १९४६ च्या कायद्याची होती. त्या कायद्याने एकाच मान्यताप्राप्त संघटनेला बोलणी करण्याचा हक्क दिला होता, आणि ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार सामंतांच्या मागे, सही मात्र दुसऱ्याची! सरकारही हलले नाही.

आता जरा आपल्या घरातली गोष्ट. संपाच्या काळात मालकांनी कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणून घेतले. त्या मागांवर उभे असलेले कितीतरी हात आपल्याच लोकांचे होते. युनियन नाही, हजेरीपुस्तक नाही, बारा-बारा तासांची पाळी. मदनपुऱ्यातला भाई उपाशी आणि भिवंडीतला भाई त्याच्याच वाटणीचे कापड विणतोय. दोघांनाही दोष देता येत नाही, दोघांच्या घरी चूल पेटायची होती. संप संपल्याचे रीतसर कोणी जाहीर केलेच नाही. लाखावर कामगार मात्र बाहेरच राहिले.

नवल पुढेच आहे. इंदिराजींच्या हत्येनंतर काँग्रेसची लाट होती, तरी १९८४ मध्ये मुंबई दक्षिण मध्यमधून सामंत अपक्ष म्हणून लोकसभेत गेले. ज्यांचा संप बुडाला त्यांनीच त्यांना निवडून दिले. दिल्लीत जाऊनही तो कायदा काही त्यांना रद्द करून घेता आला नाही. माझ्या मते ते शेवटपर्यंत खाणीवरचेच माणूस राहिले, सभागृह त्यांना मानवले नाही. १६ जानेवारी १९९७ ला पवईत घराजवळ त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या.

मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी, ही रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांची ताकीद आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो. ऐकणाऱ्यांत बेकरीवाले, गॅरेजवाले, वीटभट्टीवालेही असतात. आपल्याकडच्या पोराला या महिन्याचा पगार कधी दिला, ते ज्याचे त्याला ठाऊक. अम्मीच्या शेवटच्या ढिगाचे माप पाऊस आला म्हणून राहून गेले होते. पुढे कितीतरी वर्षे, कोणाची मजुरी द्यायची राहिली की ती अब्बांना म्हणायची, "आधी त्याचं माप घ्या."