पोटरीवरचा चटका



मागच्या जुलैत आम्ही न्यू जर्सीहून येऊन भोसरीला ताईकडे उतरलो होतो. रात्री जेवायला बसलो तेव्हा माझा सोळा वर्षांचा मुलगा एक पाय लांब करून तिरका बसला होता. वाढता वाढता ताईचं लक्ष गेलं. उजव्या पोटरीवर चार बोटं रुंद लाल चट्टा आणि त्यावर टूथपेस्टचा लेप. "सायलेन्सर लागला ना रे?" ती एवढंच म्हणाली. तिच्या दोन्ही मुलांच्या पोटरीवर तसेच डाग आहेत.

मग सगळं बाहेर आलं. संध्याकाळी स्पाइन रोडला भाच्याच्या मित्रांचा घोळका जमला होता. "तिकडे गिअरची गाडी चालवत नाहीत का रे?" असं कुणीतरी विचारलं आणि यानं भाच्याच्या गाडीची चावी घेतली. ट्रिपलसीट, डोक्याला हेल्मेट नाही, लायसन्स तर नाहीच. वळणावर गाडी घसरली. त्या घटकेला मागून कंटेनर येत नव्हता, म्हणून चटक्यावर निभावलं.

"तुला कळत नव्हतं?" मी ओरडलो. तो खाली मान घालून म्हणाला, "कळत होतं, बाबा. एकटा असतो तर हातसुद्धा लावला नसता. पण सगळे बघत होते."

त्याचं हे उत्तर मला खरं वाटतं. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. संगणकावरच्या खेळात गाडी पळवायची आणि भिंतीवर आदळण्याआधी थांबवायची. एकेकटे खेळले तेव्हा तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांनी मोठ्यांइतकाच धोका पत्करला. शेजारी मित्र उभे केले, तसं मुलांचं धाडस दुपटीवर गेलं. मोठ्यांत काहीच फरक पडला नाही. आवर घालणारा मेंदूचा भाग पंचविशीच्या आसपास पुरता तयार होतो. शाबासकीची ओढ मात्र वयात येतानाच उफाळते. म्हणजे धोका मुलांना ठाऊक असतो. मित्र बघत असले की तो जाणवत नाही.

आमच्या लहानपणी असं नव्हतं, असं आपण सहज म्हणून जातो. माझे वडील आकुर्डीच्या कारखान्यातल्या स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबले होते. गाडी आली तेव्हा चावी त्यांच्याच खिशात राहिली. आम्ही शहाणे होतो असं नाही. आमच्या हातात गाडीच नव्हती. विहिरीच्या काठावरून उड्या आम्हीही मारल्या, आणि त्याही मित्र बघत असतानाच. आज त्याच पट्ट्यात, चाकणला, पल्सर आणि केटीएम तयार होतात. एमआयडीसीत जमीन गेलेल्या घरांत पोराची पहिली मागणी गाडीचीच असते. आणि आम्ही परदेशातले मामा-काका? भाच्याच्या त्या गाडीचे पैसे मीच पाठवले होते, बारावीला चांगले मार्क पडले म्हणून.

१९ मे २०२४ ची रात्र आपण कुणीच विसरलेलो नाही. पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव पोर्शेनं दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. त्याच्या जामिनासाठी घातलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर सगळा देश संतापला, आणि ते योग्यच होतं. पण चावी त्या मुलाच्या हाती कशी आली, हा प्रश्न मला अधिक मोठा वाटतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायदाही तोच विचारतो. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही.

इथे न्यू जर्सीत आपली मुलं सतराव्या वर्षी एकट्यानं गाडी चालवू लागतात. तेव्हा पालक शेजारी नसतील तर गाडीत आणखी एकालाच बसवता येतं, आणि रात्री अकरानंतर पहाटे पाचपर्यंत गाडी बंद. मित्रांचा घोळकाच गाडीत चढू नये, याची सोय कायद्यानंच केली आहे. कटकट वाटली तरी आपण हा नियम पाळतो. मग मुंबईला विमान उतरल्यावर तो का विसरतो? "पोरं आहेत, हौस करू दे" हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे. आता म्हणणार नाही.

या उन्हाळ्यात आपल्या इथल्या मराठी मंडळातली बरीच कुटुंबं पिंपरी-चिंचवडला, चाकणला जात आहेत. त्यांना कळकळीची विनंती आहे. निघण्याआधीच बहिणीला, भावाला फोन करा आणि लायसन्स नसलेल्या आपल्या पोरांच्या हाती गाडीची चावी द्यायची नाही, असं स्पष्ट सांगा. त्यांना वाईट वाटलं तर वाटू दे. भाच्या-पुतण्यांना भेट द्यायचीच असेल तर चांगली आयएसआय मार्कची हेल्मेट घेऊन द्या, दोन-दोन, एक चालवणाऱ्याला आणि एक मागे बसणाऱ्याला. आणि संध्याकाळी पोरं "जरा चक्कर मारून येतो" म्हणाली, तर गेटपर्यंत जाऊन गाडीवर किती जण बसले ते बघा.