शीत आणि दव

संगणकाचा प्रोसेसर जितका थंड राहील, तितक्या अधिक वेगाने तो चालविता येतो. या तत्त्वाच्या आधारे जगभरातील हौशी मंडळी प्रोसेसरवर तांब्याचे उभे भांडे बसवितात आणि त्यात उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळणारा द्रव नायट्रोजन ओततात. २०११ साली त्याहूनही थंड अशा द्रव हेलियमच्या साहाय्याने एएमडी कंपनीच्या एफएक्स प्रोसेसरने ८.४२९ गिगाहर्ट्झचा वेग गाठला व गिनीज बुकाने त्याची नोंद घेतली. पुढे तोही विक्रम मोडला गेला. विक्रम क्षणाचा असतो, महागडा मदरबोर्ड मात्र त्यानंतरही वाचवावा लागतो. त्याचा घात बहुधा पाणी करते.

हे पाणी हवेतले. तापमान ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ७० टक्के असेल, तर सुमारे २४ अंशांहून थंड अशा कोणत्याही पृष्ठभागावर दव धरते. मग उणे शंभराखालच्या धातूची काय कथा! जैन आगमांनी अप्कायाच्या भेदांत दव, हिम आणि धुके यांची गणना केली आहे. ती तिन्ही रूपे या एका भांड्याभोवती एकाच वेळी दिसतात.

म्हणून सारी खटपट हवेला शिरकाव न देण्याची. बोर्डावर विद्युतरोधक लेपाचा पातळ थर देतात, सॉकेटभोवतीच्या फटी व्हॅसलिनने किंवा चित्रकारांच्या मळता येणाऱ्या रबराने बुजवितात आणि वर बंद छिद्रांचा काळा फोम बसवितात. एसीच्या नळ्यांवर असतो तसाच. साधा स्पंज निरुपयोगी, कारण ओलसर हवा त्यातून सहज आत जाते. भांड्याला टिपकागद गुंडाळतात. बोर्डाची मागील बाजू अनेकांच्या ध्यानात राहत नाही, पण गारवा तेथवरही पोहोचतो.

खरी कसोटी प्रयोग संपल्यावर लागते. गोठलेले हिम सहसा उपद्रव देत नाही. वितळले की ते धूळ व क्षार घेऊन पिनांमध्ये उतरते. तेव्हा वीज तोडून, कोमट हवेच्या झोतात बोर्ड पूर्ण वाळवावा आणि सॉकेट उघडून पाहावे. ‘एकदा सुरू तर करून पाहू’ ही उतावीळ येथे फार महाग पडते.

याहून मोठा धोका जिवाचा आहे. एक लिटर द्रव नायट्रोजनपासून सुमारे ७०० लिटर वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत प्राणवायू घटत असल्याची जाणीवही माणसाला होत नाही. घरातील मुलाने ही हौस बोलून दाखविली, तर वडीलधाऱ्यांनी किमतीच्या आधी खिडक्यांची चौकशी करावी.

दवाचा हाच नियम व्यापारातही भेटतो. शीतगृहात बेदाण्याचा साठा नोंदविण्यासाठी नेलेला टॅब बाहेरच्या दमट हवेत उघडा आणू नये. आत असतानाच तो घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालावा. दव मग पिशवीवर धरते. टॅब बाहेरच्या हवेइतका उबदार झाला आणि पिशवी कोरडी झाली, की ती उघडावी.