वाकायचं कोणी?

‘नम्र राहावं, दुसऱ्याची सेवा करावी’ हे आपण बायकांनी इतक्या वेळा ऐकलेलं असतं, की आता ते कानात शिरतही नाही. सासरी जाताना आई सांगते, कीर्तनात बुवा सांगतात, हळदीकुंकवाला आलेल्या प्रमुख पाहुण्याही तेच सांगतात. सांगणारा बहुतेक वेळा खुर्चीवर असतो आणि ऐकणारी सतरंजीवर! म्हणूनच ख्रिस्ती धर्मातली एक प्रथा मला फार विचार करण्याजोगी वाटते.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरू काही जणांचे पाय धुतात. यामागची गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानात आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू जेवता जेवता उठला, अंगावरचं वस्त्र बाजूला ठेवलं, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुऊ लागला. त्या काळी धुळीतून आलेल्या पाहुण्याचे पाय धुणं हे दासाचं काम. ते गुरूने करावं? पेत्र नावाच्या शिष्याने तर चक्क नाही म्हटलं. पण येशूने त्यालाही समजावलं आणि तुम्हीही एकमेकांचे पाय धुवा, असं सगळ्यांना सांगितलं.

यातली मेख लक्षात घ्या. इथे जो वर आहे, तोच वाकला आहे. जो आधीच वाकलेला आहे, त्याला आणखी वाक म्हणून सांगितलेलं नाही. आपल्याकडे मात्र बरोबर उलटं होतं. जिचं आयुष्य इतरांची उष्टी काढण्यात गेलं, तिलाच नम्रतेचे धडे! लादलेली सेवा ही सेवा नसते मैत्रिणींनो, ती वेठ असते. आणि मार खाणाऱ्या बाईला ‘सहन कर, नम्र राहा’ म्हणून सांगणं हा तर धर्म नव्हेच, मग तो कुठलाही असो.

गंमत म्हणजे या पाय धुण्याच्या विधीतही बायकांना वाट पाहावी लागली. नियमाप्रमाणे फक्त पुरुषांचेच पाय धुतले जात. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात मुलींचेही पाय धुतले. पुढे २०१६ मध्ये नियमच बदलला आणि स्त्रियांनाही त्यात स्थान मिळालं.

ही शिकवण आपल्या मातीत जगून दाखवली ती पंडिता रमाबाईंनी. १८५८ साली जन्मलेल्या या बाईंची संस्कृतची विद्वत्ता पाहून कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण म्हणून त्या मुकाट मान डोलावणाऱ्या झाल्या का? मुळीच नाही. त्यांना बोट धरून चालवू पाहणाऱ्या तिथल्या धर्मभगिनींना त्यांनी पत्रातून स्पष्ट कळवलं, की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याचं जोखड मी मानेवर घेणार नाही. नम्रता वेगळी आणि लाचारी वेगळी, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

१८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ सुरू केलं. पुढे धर्मांतरावरून मोठं वादळ उठलं, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तरी बाई थांबल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळातच गेले होते. भूक त्यांनी पुस्तकात वाचली नव्हती, भोगली होती. पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या ‘मुक्ती’मध्ये त्या बायका शेती, विणकाम शिकल्या, छापखाना चालवू लागल्या. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली गेली. म्हणजे नुसतं जेवू घालून उपकार नाही, तर स्वतःच्या पायावर उभं करणं.

आणि एवढी पंडित बाई आयुष्याच्या उत्तरार्धात काय करत होती? हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर, तेही साध्या बाईला कळेल अशा सोप्या भाषेत. १९२२ साली मृत्यूच्या थोडंच आधी ते पुरं झालं. आपली विद्वत्ता बाजूला ठेवून वाचणारीच्या पायरीवर उतरायचं, ही मला फार मोठी नम्रता वाटते.

आता आपल्या गावातलं समाजकार्य बघा. निराधार बायकांना शिलाई मशीन द्यायचं, तर त्यांना व्यासपीठावर रांगेत उभं करतात. माइकवरून ‘निराधार’ म्हणून नाव पुकारतात. वृद्धाश्रमात एक केळं देताना आजीला चार वेळा कॅमेऱ्याकडे बघायला लावतात. मी असे कार्यक्रम पुष्कळ पाहिले आहेत. मदत खरी असते, नाही असं नाही. पण घेणारीची मान खाली जात असेल, तर देणारीची जरा जास्तच वर गेली आहे, असं समजावं. तेच मशीन गाजावाजा न करता घरी पोचवलं आणि दोन महिने शिवण शिकवायला बसलं, तर काय बिघडेल?

कुणी विचारेल, मग बायकांनी नम्र राहूच नये का? राहावं की! पण ज्यांच्यापुढे आधीच आपली मान खाली आहे, त्यांच्यापुढे नव्हे. ज्यांच्यावर आपलं चालतं, त्यांच्यापुढे. धुणंभांडी करणाऱ्या मावशींचा कप आपल्या घरात अजून वेगळा ठेवलेला आहे का? सून तापाने फणफणली, तर तिच्या उशाशी पेजेची वाटी कोण नेऊन ठेवतं? बचत गटात अंगठा उठवणाऱ्या बाईला हिशेब समजावून सांगतो, की ‘तुला काय कळतंय’ म्हणून वही मिटतो?

खरी परीक्षा तिथेच आहे. तिला ना टाळ्या मिळतात, ना पेपरात फोटो येतो.