वही झाकूनही प्रश्न विचारता येतो

वडीगोद्री हे महामार्गावरचे गाव आहे. अंबडकडून येणारा रस्ता येथे धुळे-सोलापूर महामार्गाला मिळतो. पुढे शहागडला गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा लागतो. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या या पट्ट्यात ऊस, कापूस आणि मोसंबी यांवर बाजार चालतो आणि त्या बाजारावर आमचे बागवान, मण्यार, शिंपी, वेल्डर, गॅरेजवाले पोट भरतात. अशा नाक्यावरच्या हॉटेलात गप्पांना तोटा नसतो. पाऊस, निवडणूक, क्रिकेट, कोणाच्या घरचे लग्न, सारे विषय निघतात. परंतु "भाई, पातळ पाइप जोडताना भोक पडते, तुम्ही काय करता?" असे एका वेल्डरने दुसऱ्याला सरळ विचारल्याचे क्वचितच ऐकू येते. विचारलेच तर समोरचा हसून दुसरी गोष्ट काढतो. हुन्नर घरातच राहावा, ही आमच्या पेशेवाल्यांची जुनी समजूत आहे.

एका पेशात मात्र याच्या अगदी उलट रीत आहे. तो पेशा म्हणजे कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा, त्यातही डेटाबेसवर काम करणाऱ्यांचा. व्यापारी बांधवांनी या शब्दाला बिचकू नये. डेटाबेस म्हणजे खतावणीच होय. गिऱ्हाइकांची एक वही, बिलांची दुसरी, जमा रकमांची तिसरी. या वहीला ते टेबल म्हणतात आणि वहीला जो प्रश्न विचारायचा त्याला क्वेरी म्हणतात. "ज्यांच्याकडे तीन महिन्यांपासून येणे आहे ती नावे काढ," असे मुनीमजींना सांगावे तसेच हे आहे. फरक इतकाच की मुनीमजी अर्धे बोललेलेही समजून घेतात. कॉम्प्युटर जेवढे विचारले तेवढेच सांगतो, आणि चुकीचा प्रश्न विचारला तर चुकीचे उत्तरही तितक्याच ठामपणे देतो.

एक उदाहरण पाहू. एका गिऱ्हाइकाची हजार-हजाराची तीन बिले आहेत. त्याने पाचशे-पाचशे असे दोनदा भरले. येणे 2000 रुपये. नवखा प्रोग्रामर बिलांची आणि जमेची वही एकदम जोडतो. कॉम्प्युटर प्रत्येक बिलापुढे प्रत्येक जमा मांडतो, म्हणजे तीन दुणे सहा ओळी होतात. बिलांची बेरीज 6000 होते, जमेची 3000, आणि बाकी निघते 3000. हा कागद घेऊन पोरगा वसुलीला गेला तर एक हजारासाठी जुने गिऱ्हाईक तुटते. जाणता माणूस सांगतो की आधी बिलांची बेरीज वेगळी कर, जमेची वेगळी कर, मग दोन्ही जोड.

दुसरी खोच याहून बारीक आहे. साध्या जोडणीत फक्त तीच नावे येतात जी दोन्ही वह्यांत आहेत. ज्याने आजवर एक रुपयाही भरला नाही त्याचे नाव जमेच्या वहीत नसतेच. म्हणून थकबाकीच्या यादीतून नेमका सर्वांत मोठा बुडव्या निसटतो! त्यासाठी लेफ्ट जॉईन नावाची जोडणी वापरावी लागते. एवढे करूनही काम पुरे होत नाही. त्याचा जमेचा रकाना कोरा राहतो, आणि कॉम्प्युटरच्या लेखी कोरे म्हणजे शून्य नव्हे. 3000 मधून कोरे वजा केले तर उत्तरही कोरेच येते. म्हणून कोऱ्याच्या जागी शून्य धर, असे त्याला वेगळे बजावावे लागते.

या तिन्ही गोष्टी पुस्तकांतही आहेत. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापकी केलेले एस. सुदर्शन ज्याचे एक लेखक आहेत, तो डेटाबेसवरचा ग्रंथ देशोदेशीच्या कॉलेजांत शिकवला जातो. तरी कामावर बसल्यावर अडते ते अडतेच. तेव्हा प्रोग्रामर आपली अडचण कॉम्प्युटरवर चारचौघांत मांडतो आणि कोणी अनोळखी माणूस त्याला वाट दाखवतो. तो दुसऱ्या कंपनीचा, कधी कधी समोरासमोर स्पर्धा असलेल्या कंपनीचाही असतो. उद्या तोच आपली अडचण घेऊन येतो. कोणी पैसे मागत नाही.

मधेमधे चेष्टामस्करी चालते. एक क्वेरी हॉटेलात शिरते, दोन टेबलांपाशी जाऊन विचारते, "मी जॉईन करू का?" असले विनोद. क्वेरीच्या भाषेला एस-क्यू-एल म्हणावे की सीक्वेल, यावर तर वर्षानुवर्षे वाद घातला जातो. (भाषेचे पहिले नाव सीक्वेलच होते. ते आधीच दुसऱ्या एका कंपनीचे व्यापारचिन्ह असल्याने बदलावे लागले.) वडीलधाऱ्यांना हा वेळेचा अपव्यय वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. 'व्हेअर' हा शब्द लिहावयाचा विसरून 'डिलीट'चा हुकूम दिला तर एक ओळ पुसावयाची तेथे संपूर्ण वही साफ होते. हा किस्सा जुना माणूस हसत सांगतो तेव्हा नवख्याला कळते की मोठेही चुकतात, आणि मग त्याची जीभ उचलते. शिवाय पुसण्याआधी त्याच अटीने ओळी नुसत्या पाहून व मोजून घ्याव्यात, हा धडाही हसता हसता मिळतो. अर्थात तेथेही उद्धट लोक आहेत. "पुस्तक वाचून ये" म्हणून नवख्याला हाकलणारे उस्ताद त्या पेशातही कमी नाहीत.

यावर आमचा व्यापारी म्हणेल, सांगणाऱ्याचे नुकसान होते त्याचे काय? हा आक्षेप खोटा नाही. वह्यांची ही मांडणी एडगर कॉड या आयबीएम कंपनीतील गृहस्थाने 1970 साली निबंध लिहून जगापुढे ठेवली. क्वेरीची भाषा त्याच कंपनीतील चेंबरलिन आणि बॉइस यांनी 1974 साली मांडली. तीही उघडच. ते निबंध वाचून लॅरी एलिसन यांच्या कंपनीने 1979 साली ओरॅकल बाजारात आणले. आयबीएमचा स्वतःचा असा माल 1981 साली आला. दुकान ज्याचे, गिऱ्हाईक दुसऱ्याचे! परंतु हिशेब तेथेच संपत नाही. 1986 साली हीच भाषा अमेरिकेत प्रमाण ठरली, बाजार कित्येक पटींनी वाढला, आणि त्यात आयबीएमच्या डीबीटूचाही धंदा पुढची अनेक दशके चालला. आपल्या पुण्यात आनंद देशपांडे यांनी 1990 साली स्थापन केलेली पर्सिस्टंट कंपनीही डेटाबेसच्याच कामातून उभी राहिली. गुपित कपाटात राहिले असते तर इतक्या लोकांना ही रोजी मिळाली असती का?

आमच्या मते खरी गोष्ट वेगळीच आहे, आणि नाक्यावरच्या दुकानदाराच्या कामाची आहे. प्रोग्रामर क्वेरी सांगतो, वही दाखवत नाही. मालकाच्या गिऱ्हाइकांची नावे, रकमा, भाव यांतील एक अक्षरही तो बाहेर नेत नाही, नेले तर नोकरी जाते. तो दोन-चार खोट्या नावांची छोटी वही बनवतो, त्यात आपली अडचण जशीच्या तशी उतरवतो, आपण काय करून पाहिले आणि काय निघाले ते लिहितो, मग विचारतो. आम्ही मात्र प्रश्न आणि वही यांना एकच समजतो. विचारले तर आपला भाव फुटेल, आपली अडचण बाजारात कळेल, या धाकाने तोंड उघडत नाही.

मोसंबीचे बागवान बांधव पाहा. झाडावरचे फळ पाहून बागेचा अंदाज कसा बांधावा, गळ किती धरावी, हे विचारताना बाग कोणाची आणि सौदा कितीला हे सांगावे लागत नाही. माल पाठवणाऱ्याने आपले बिल जीएसटीच्या विवरणात भरले नाही तर खरेदीदाराची कराची वजावट अडकते. हा त्रास एकाच दुकानाचा नाही, आणि तो विचारण्यासाठी पुरवठादाराचे नाव घ्यावे लागत नाही. वेल्डरच्या भोकाचे उत्तर तर एका वाक्याचे आहे: बारीक रॉड घ्या, करंट कमी करा, एका जागी थांबू नका. एवढ्याने कोणाचे दुकान बसेल?

घरोघरी एक विचित्र गोष्ट घडते. मुलगा एमसीए करून पुण्यात लागतो आणि दिवसाकाठी चार अनोळखी माणसांना आपली अडचण विचारतो. इकडे बाप शेजारच्या दुकानदाराला वर्षभरात एकही प्रश्न विचारत नाही. ईदला घरी आलेल्या मुलाने बापाला कॉम्प्युटर शिकवण्यापेक्षा ही विचारण्याची रीत समजावून द्यावी.

हॉटेलातल्या बैठकीत घरी शिलाई करणाऱ्या आमच्या भगिनी नसतात, हेही विसरू नये. कापडाची बेतणी, मजुरीचा दर, मशीनची दुरुस्ती यांविषयीचे त्यांचे प्रश्न कोणाच्याच कानी पडत नाहीत. त्यांच्यापाशी मोबाइल आहे, विचारावयाचे कोणाला हे ठरलेले नाही. त्यांनी आपसात दहा-बाराजणींचा गट केला तरी प्रारंभ होईल.

दरम्यान या पानावर पेशेवाल्यांचे असे प्रश्न छापण्याची आमची तयारी आहे. अडचण काय, आपण काय करून पाहिले, त्याचे काय झाले, हे पोस्टकार्डावर मावेल इतके लिहावे. उत्तर ज्याला ठाऊक असेल त्याने, मग तो त्याच बाजारपेठेतला का असेना, नि:संकोच कळवावे. गिऱ्हाइकाचे नाव आणि खरी रक्कम मात्र लिहू नये. खोटी नावे घालून उदाहरण बनवावे.