गळ्याचा वारसा आणि सीमेपलीकडची मराठी

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, बिदर म्हैसूरकडे आणि तेलंगण आंध्र प्रदेशात. तेव्हापासून तारनाक्यासारख्या वस्तीतील मराठी माणसाची भाषा मुख्यतः घरात आणि गाण्यात उरली.

गाण्यातली मराठी कशी टिकते, हे शिंदे घराण्याकडे पाहून कळते. प्रल्हाद शिंदे (निधन २००४) यांनी एकाच खड्या आवाजात विठ्ठलगीते आणि भीमगीते गायिली. पुत्र आनंद व मिलिंद यांनी तो गळा कॅसेटांतून घरोघरी पोहोचविला. आनंद यांचे पुत्र आदर्श यांनी २०१३ च्या 'दुनियादारी' चित्रपटातून तो नव्या पिढीच्या कानी घातला. वाद्यमेळ बदलला, उच्चाराचा ठसा बदलला नाही.

तरीही सीमेपलीकडील आपली अनेक मंडळे वारसा म्हणून नाट्यगीत व भावगीत यांचाच गौरव करतात. शिंद्यांचे गाणे १४ एप्रिलला वस्तीत घुमते. मंडळाच्या व्यासपीठावर ते क्वचितच येते. कष्टकऱ्यांनी पोटासाठी परमुलखात नेलेली मराठी उंबऱ्याबाहेर ठेवायची आणि भाषा वाचवा म्हणून शासनाकडे गाऱ्हाणे मांडायचे, ही विसंगती आहे.

मराठी शाळा आपण मागूच. तो आपला हक्क आहे. परंतु वारसा शासननिर्णयाने येत नाही. बापाने गायिलेले लेकराने गायिले, तरच तो येतो. बांधवहो, पुढच्या कार्यक्रमात तंबोऱ्याशेजारी ढोलकीलाही जागा द्या.