तलावाच्या वाट्याचे पाणी

बेंगळुरूच्या उत्तरेस येलहंका येथे कर्नाटक वीज महामंडळाच्या ३७० मेगावॉटच्या वायुआधारित प्रकल्पाचे उद्घाटन सप्टेंबर २०२४ मध्ये झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये शहरातील हजारो कूपनलिका आटल्या होत्या आणि टँकरचे दर प्रशासनाला बांधून द्यावे लागले होते. अशा शहरात वीजनिर्मितीसाठी कावेरीचे पाणी न घेता जक्कूरच्या मलशुद्धीकरण केंद्रातील पाणी वापरण्याची योजना कोणालाही शहाणपणाची वाटेल. २०१६ च्या वीजदर धोरणाचाही रोख तोच आहे. शुद्धीकरण केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक प्रकल्पांना असे पाणी वापरणे त्याने सक्तीचे केले आणि खर्च वीजदरातून वसूल करण्याची मुभाही दिली.

माझा आक्षेप पुनर्वापराला नाही. प्रश्न असा की, हे पाणी आजवर जात कुठे होते? केंद्रातून निघून, पाणवनस्पतींच्या दलदलीतून गाळले जाऊन, ते जक्कूर तलावात पोहोचते. उन्हाळ्यात तलावाचा मुख्य आधार हाच. मासेमारी त्यावर चालते, भोवतालच्या भूजलाला पाझर मिळतो आणि पुढे राचेनहळ्ळीच्या तलावालाही ओघ मिळतो. कागदावर ज्याची नोंद ‘सांडपाणी’ अशी होते, ते प्रत्यक्षात एका जलसाखळीचे भांडवल आहे.

शीतकरण मनोऱ्यात गेलेल्या पाण्यातील बराचसा भाग वाफ होऊन उडतो. तो परत येत नाही. मागे उरलेल्या पाण्यात क्षार साचत जातात आणि ते वेळोवेळी बदलावे लागते. पण खरी मेख निराळीच आहे. तलावाकडे जाणारा स्वच्छ ओघ घटला, की पावसाळी नाल्यांतून शिरणाऱ्या कच्च्या मैल्याचे प्रमाण आपोआप वाढते. प्रकल्पाने एक थेंबही दूषित पाणी बाहेर सोडले नाही, तरी तलाव बिघडू शकतो. प्रदूषण नियंत्रणाची आपली पद्धत नळाच्या तोंडाशी नमुना घेते. उचललेल्या पाण्याचा परिणाम तिच्या चौकटीत बसत नाही.

नागपूरकरांना याची दुसरी बाजू ठाऊक आहे. कोराडीत शहराचे सांडपाणी शुद्ध करून वापरण्याचे महानिर्मितीचे कौतुक झाले आणि ते रास्तही होते. पण जुलै २०२२ मध्ये खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला. राख कोलार आणि कन्हान नद्यांपर्यंत गेली. त्याच कन्हानवर नागपूरच्या पाणीपुरवठ्याचा एक भाग अवलंबून आहे. येलहंक्यात राख नाही, हे खरे, तेवढी निश्चिंती.

उपकेंद्रांतील रोहित्रांच्या तेलाचा विषय याहून लहान नाही. जुन्या तेलातील पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल या घातक रसायनाच्या वापरबंदीसाठी २०१६ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२५ ही मुदत घातली. त्यावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

जक्कूरपुरती मागणी साधी आहे. एप्रिल-मेमध्ये तलावासाठी रोज किमान किती पाणी राखले जाईल, हे जलमंडळ आणि वीज महामंडळ यांच्या करारात लिहावे. तलावाच्या प्रवेशमुखाशी मोजलेला प्रवाह आणि प्राणवायूची पातळी दरमहा जाहीर करावी. मोजणीचा खर्च वीजदरात धरायलाही हरकत नसावी, कारण पाण्याचा खर्च तिथेच धरला जातो.