गडद काच आणि गार मोटार



वैशाखातल्या दुपारी उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत बसण्याचा प्रसंग तुमच्यावर कधी ना कधी आलाच असेल. आसनाला पाठ टेकवत नाही, स्टिअरिंगला हात लावता येत नाही. मग घरातले कोणीतरी म्हणते, "काचांना काळी फिल्म लावून घेऊ या, म्हणजे मोटार गार राहील." सगळ्यांना ते पटते. झाडाखालची सावली गार असते, तेव्हा मोटारीतला काळोखही गार असणार, असा सरळ हिशेब आपण मनाशी करतो. हा हिशेब बरोबर आहे का? चला, तपासून पाहू या.

मोटार इतकी तापते तरी कशी? सूर्याकडून जमिनीवर पोहोचणाऱ्या ऊर्जेत आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाचा वाटा निम्म्याहून थोडा कमी असतो. जवळजवळ निम्मा वाटा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो, आणि उरलेले थोडेसे टक्के अतिनील, म्हणजेच जंबुपार किरणांचे. यांतले बरेचसे किरण साध्या काचेतून आत येतात आणि आसने तापवतात. तापलेली आसनेही अवरक्त किरण बाहेर टाकतात, पण ते फार लांब तरंगलांबीचे असतात. त्यांना काच बाहेर जाऊ देत नाही. शिवाय आतली तापलेली हवाही कोंडलेलीच असते. म्हणून बंद मोटारीची भट्टी होते.

आता काळी फिल्म काय करते ते पाहा. साधी, रंग देऊन काळी केलेली फिल्म मुख्यतः दिसणारा प्रकाश अडवते. अवरक्त किरणांपैकी बरेचसे तिच्यातून सुखाने आत जातात. अडवलेला प्रकाशही नाहीसा होत नाही. त्याने काच तापते आणि त्या उष्णतेचा काही भाग आतच येतो. म्हणजे थोडा फरक पडतो, पण काच जितकी काळी तितकी मोटार गार, असे मुळीच नाही.

याचा एक सोपा प्रयोग घरी करता येईल. टीव्हीचा रिमोट अवरक्त किरणांवर चालतो. त्याच्या तोंडासमोर उन्हाच्या काळ्या चष्म्याची काच धरा आणि कळ दाबा. बहुतेक वेळा टीव्ही चालू होईल! तुमच्या डोळ्यांना जी काच काळी दिसते, ती अवरक्त किरणांना जवळजवळ पारदर्शक असते. याच्या उलट गुणाच्या फिल्मही बाजारात मिळतात. त्या जवळजवळ पारदर्शक दिसतात, पण अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात अडवतात. अतिनील किरणांचेही तसेच. समोरच्या काचेत दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर असतो. तो थर डोळ्यांना दिसतही नाही, तरी बहुतेक सगळे अतिनील किरण शोषून घेतो. थोडक्यात, काळेपणा हे उष्णता अडवण्याचे माप नव्हे.

मग काळ्या काचेने आपण गमावतो काय? भर उन्हात प्रकाशाची तीव्रता सुमारे १,००,००० लक्स असते. फिल्मने ती निम्मी केली, तरी ५०,००० लक्स उरतात. डोळ्यांना काहीच फरक जाणवत नाही. म्हणून दुपारी दुकानात फिल्म पाहणारा माणूस म्हणतो, "छान दिसते की!" पण रात्री दिव्यांच्या रस्त्यावर साधारण १० लक्स प्रकाश असतो. त्याचे ५ झाले, तर गडद कपडे घातलेला सायकलस्वार रस्त्याच्या कडेच्या अंधारात मिसळून जातो. फिल्म निवडायची दुपारी आणि तिची परीक्षा व्हायची तिन्हीसांजेला, अशी ही गंमत आहे. अर्थात रस्त्यावरच्या माणसाला ती गंमत वाटणार नाही.

तो रस्त्यावरचा माणूस म्हणजे बहुधा तुम्हीच. शाळेसमोरचा रस्ता ओलांडताना तुम्ही काय करता ते आठवा. येणाऱ्या मोटारीच्या चालकाकडे पाहता. त्याने तुम्हाला पाहिले आहे, तो वेग कमी करतो आहे, एवढे कळले की पाऊल पुढे टाकता. काच काळी असेल तर हा मूक संवादच तुटतो. मोटारीची काच ही नुसती आतल्या माणसांची सोय नाही. तिच्यावर बाहेरच्या माणसांचाही हक्क आहे.

आपल्या देशाचे नियमही हेच सांगतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे समोरच्या व मागच्या काचेतून निदान ७० टक्के, आणि बाजूच्या काचांतून निदान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काचांवर कोणतीही काळी फिल्म चिकटवण्यास मनाई केली. पुढे नियमात बदल झाला. तो १ एप्रिल २०२१ पासून लागू झाला. त्याच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितले, की ठरलेल्या मानकाची फिल्म चालेल. मात्र ७० आणि ५० टक्क्यांची मर्यादा पाळलीच पाहिजे.

इथे एक गणित लक्षात ठेवा. बाजूची काच ७० टक्के प्रकाश सोडते आणि तिच्यावरची फिल्मही ७० टक्के सोडते, असे समजा. दोन्ही आकडे ५० च्या वर आहेत, तेव्हा सारे ठीक, असे वाटेल. पण दोन्हींतून मिळून जाणारा प्रकाश ०.७ × ०.७ = ०.४९, म्हणजे ४९ टक्के! नियम मोडला.

कोणी म्हणेल, "पण उकाड्याचे काय? तान्ह्या मुलांचे, म्हाताऱ्या माणसांचे काय?" प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उन्हाळ्याच्या दिवसांत उन्हात तासभर उभ्या केलेल्या मोटारींतील हवा सरासरी सुमारे ४७ अंश सेल्सिअसपर्यंत तापली. सावलीतल्या मोटारींत ती सुमारे ३८ अंशांवर राहिली. झाडाची सावली प्रकाश आणि अवरक्त किरण, दोन्ही मोटारीबाहेरच अडवते, आणि तीही फुकट! सावली नसेल तर उभ्या मोटारीच्या समोरच्या काचेला आतून चंदेरी पडदा लावावा. निघण्यापूर्वी मिनिटभर दारे उघडून कोंडलेली गरम हवा जाऊ द्यावी. मात्र सावलीतले ३८ अंशही कमी नाहीत. म्हणून बंद मोटारीत लहान मुलाला क्षणभरही एकटे ठेवू नये, काचा कशाही असोत.

माझे मत विचाराल तर काचा काळ्या करू नयेत. ज्यांना फिल्म लावणे खरोखरच गरजेचे वाटते, त्यांनी पारदर्शक आणि मानकाप्रमाणे असलेली निवडावी. घरात हा विषय निघाला, की वडीलधाऱ्यांना एवढेच विचारा : ही फिल्म कोणते किरण अडवते आणि काचेसह एकूण किती प्रकाश आत सोडते? दुकानदाराला याचे उत्तर देता आले नाही, तर ती फिल्म घेऊ नका.